प्रभातच्या फाटकाशी : मराठी निर्मात्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी चित्रपटांचे व मालिकांचे सर्व निर्माते, आणि निर्मात्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

सन्माननीय निर्मातेहो,
स. न. वि. वि.

गेली चोवीस वर्षे मी कलादिग्दर्शन विभागात सहायक म्हणून काम करतो आहे. कागदावरचा आराखडा फ्लोअरवर उभा करणे, सुतार, पेंटर आणि मोल्डर यांची कामे लावून देणे, प्रॉपर्टीची यादी जुळवणे आणि पॅकअपनंतर सगळे मोडून टेम्पोत भरणे, हा माझा धंदा. आपल्यापैकी काहींच्या सेटवर मी राबलो आहे. आपण मला चेहऱ्याने ओळखत असाल, नावाने कदाचित नाही. मुहूर्ताचा नारळ फुटताना, पुरस्कारांच्या मंचावर, मराठी चित्रपटाच्या भवितव्यावरच्या परिसंवादात आपण हमखास ‘प्रभात’ या जुन्या चित्रपट कंपनीचे नाव घेता. तेव्हा मी बहुधा मागच्या बाजूला उभा असतो आणि ते नाव ऐकून मलाही भरून येते. मात्र दर वेळी असेही वाटते की आपण त्या कंपनीच्या बोधचिन्हातली तुतारी तेवढी आठवतो. त्या तुतारीमागे जे पगारपत्रक होते, आणि त्या पगारपत्रकामागे जे करारपत्र होते, त्यांच्याविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. आपल्या आजच्या दुखण्याचे मूळ त्याच दोन कागदांत आहे, असे मला मनापासून वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली, तेव्हा तिच्या पाच भागीदारांपैकी चौघे कारागीर होते. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे चौघेही बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले होते. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी सराफीतले, त्यांनी पैशाची बाजू उचलली. सिनेमा शिकवणारी शाळा त्या काळी देशात नव्हती. ज्या माणसाने कोल्हापुरात बसून स्वतःच्या हातांनी कॅमेरा घडवला, त्या बाबूरावांच्या कारखान्यात पडेल ते काम करणे हीच शाळा होती. पडदे रंगवणारा हात कॅमेऱ्याला लागत असे, नट म्हणून उभा राहणारा माणूस दुसऱ्या दिवशी सेट ओढत असे. शांतारामबापूंनी तिथे असेच हरकाम्याचे दिवस काढले आणि ‘सावकारी पाश’मध्ये भूमिकाही केली. हे चौघे बाहेर पडले ते हीच रीत बरोबर घेऊन. बोलपटाचा जमाना आला तेव्हा १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ करून त्यांनी दाखवून दिले की आवाजाचे तंत्रही ही मंडळी हातातोंडाशी झगडत का होईना, आत्मसात करू शकतात.

१९३३ मध्ये कंपनी पुण्यात आली. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे, त्या आवारात मोठे स्टुडिओ उभे राहिले, प्रयोगशाळा आली, ध्वनिमुद्रण, संकलन, सुतारकाम, कपडेपट असे सगळे विभाग एकाच फाटकाच्या आत आले. आणि त्या फाटकातून आत जाणारा जवळजवळ प्रत्येक माणूस महिन्याच्या पगारावर होता. दिग्दर्शनाला हात लावणारे भागीदारही तिथेच आणि सेटला खिळे ठोकणारा सुतारही तिथेच. चित्रपट सुरू असो वा नसो, चूल पेटत होती. ही गोष्ट साधी वाटते, पण चित्रपटाच्या गुणवत्तेशी तिचा किती घट्ट संबंध आहे, हे मी आपल्याला ‘संत तुकाराम’च्या आधाराने सांगू इच्छितो, कारण तो चित्रपट मी माझ्या कामाच्या नजरेने अनेकदा पाहिला आहे.

दामले आणि फत्तेलाल यांनी १९३६ साली तो दिग्दर्शित केला. त्यांतले फत्तेलाल हे मुळात कलादिग्दर्शक, आमच्या विभागाचे. तुकोबांचे घर पाहताना ते शूटिंगसाठी कालच बांधले आहे असे कुठेही वाटत नाही. त्यात माणसे वावरलेली आहेत, म्हैस वावरलेली आहे, अभावही वावरलेला आहे. आवलीची भूमिका करणाऱ्या गौरी या कंपनीत किरकोळ भूमिका करणाऱ्या बाई होत्या. बाहेरून कोणी नामांकित नटी आणावी असा विचार त्या ठिकाणी झाला असता तर नवल नव्हते. रोज नजरेसमोर असलेल्या बाईच्या अंगातला ठसका दिग्दर्शकांनी हेरला आणि तिच्याकडे पडद्यावरची सर्वांत अवघड बाजू सोपवली. देवाला चप्पल दाखवायला निघालेली ती संतापलेली आई आणि सदेह वैकुंठाला जायचे सोडून म्हशीची काळजी करणारी ती संसारी बाई आजही प्रेक्षकाला खरी वाटते. विष्णुपंत पागनीस संगीत रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले. त्यांच्या चेहऱ्यावरचे आणि आवाजातले मार्दव तुकोबांसाठी वापरावे हे सुचायलाही माणूस निरखण्याची फुरसत लागते. पटकथा शिवराम वाशीकरांची, संगीत केशवराव भोळे यांचे आणि गीते शांताराम आठवले यांची. आठवल्यांनी लिहिलेले ‘आधी बीज एकले’ हे पद इतके तुकोबांच्या भाषेत भिजलेले आहे की भल्याभल्यांनी ते गाथेतले समजून शोधले. असा कवी, असा संगीतकार आणि असा कलादिग्दर्शक एकाच आवारात रोज एकमेकांना भेटत होते, म्हणून एकाचे काम दुसऱ्याच्या कामात मुरले. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्या चित्रपटाचा जो गौरव झाला, तो मला तरी या रोजच्या भेटीगाठींचा गौरव वाटतो.

आज मला कलादिग्दर्शकाचा फोन येतो तेव्हा शूटिंग आठ दिवसांवर असते. संगीतकाराला मी कधी पाहिलेले नसते. पटकथा हातात पडतेच असे नाही. सीनची दोन ओळींची यादी व्हॉट्सॲपवर येते आणि तिच्यावरून घर उभे करायचे असते. त्या घरात कोण राहते, हे मला विचारायला वेळ नसतो आणि सांगायला कोणाला सवड नसते.

माणसे पगारावर ठेवणाऱ्या या स्टुडिओ पद्धतीने आणखी एक गोष्ट मराठीला दिली, जिच्याकडे व्यवसायाच्या अंगाने आपण विशेष पाहायला हवे. प्रभातचे कितीतरी चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत एकाच वेळी तयार होत. ‘कुंकू’चा ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. तोच सेट, तीच प्रकाशयोजना, तेच तंत्रज्ञ. भाषेप्रमाणे संवाद आणि गरज असेल तिथे नट बदलत. ‘शेजारी’त मिर्झाची भूमिका गजानन जागीरदारांनी केली आणि हिंदीत त्याच कथेतल्या ठाकूरची भूमिका मजहर खान यांनी, म्हणजे हिंदूने मुसलमान शेजारी रंगवला आणि मुसलमानाने हिंदू. पगारी माणसे आणि स्वतःचा फ्लोअर असल्याशिवाय हे परवडले नसते. हिंदीच्या मोठ्या बाजारपेठेने मराठी आवृत्तीला हात दिला आणि त्यामुळे ‘कुंकू’सारखा विषय मराठीत ठामपणे मांडता आला. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीवरचा, म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या मुलीच्या नकाराचा तो चित्रपट पार्श्वसंगीताशिवाय, केवळ घरातल्या आवाजांवर तोलून धरला आहे. असा प्रयोग करायचा तर ध्वनिमुद्रकाला पुरेसे दिवस द्यावे लागतात, आणि ते दिवस देणे त्या कंपनीला शक्य होते.

इथपर्यंत आपण सगळे एकमताने मान हलवू. पण ‘कुंकू’मधली ती नकार देणारी नायिका ज्यांनी उभी केली, त्या शांता आपटे यांची पुढची गोष्ट आपल्या भाषणांत कधी येत नाही. ‘अमृतमंथन’पासून त्या प्रभातमध्ये होत्या, त्यांचा आवाज आणि त्यांचा करारी चेहरा ही कंपनीची मोठी मिळकत होती. १९३९ च्या जुलैमध्ये त्याच शांताबाई कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. जरा डोळ्यांसमोर आणून पाहावे. पुण्याचा पावसाळा, आत त्यांच्याच चित्रपटांच्या पैशांतून चालणारे आवार आणि बाहेर, त्याच आवाराच्या फाटकाशी, अन्न सोडून बसलेली सव्वीशीच्या आतली नटी. पडद्यावर जो नकार पाहून प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तोच नकार तिने आयुष्यात दिला तेव्हा अनेकांनी त्याला नखरा म्हटले असणार, हे सांगायला कोणाचा दाखला नको. आजही सेटवर पैसे मागणाऱ्या नटीविषयी काय बोलले जाते ते मी कानांनी ऐकतो. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले आणि चित्रपटातल्या कलावंताचे काम म्हणजे श्रम आहेत, त्या श्रमांचा व्यवहार व्हायला हवा, अशा नजरेने या धंद्याकडे पाहिले.

त्या काळचा करार एकाच कंपनीशी बांधणारा असे. महिन्याचा पगार सुरक्षित, पण दुसरीकडे काम करायचे नाही. भूमिका कोणती करायची हे कंपनी ठरवणार, घरी बसायचे की सेटवर यायचे हेही कंपनी ठरवणार. नायिकेचे नाव साऱ्या देशात गाजले तरी पगाराचा आकडा कंपनीच्या मनात येईल तेव्हाच हलत असे. हे केवळ पुण्यात घडत होते असे नाही. अमेरिकेत काम नाकारणाऱ्या नटाला स्टुडिओ निलंबित करीत आणि निलंबनाचे दिवस त्याच्या कराराच्या शेवटी जोडत. त्याविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅविलँड या अभिनेत्रीने वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचले आणि १९४४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. आमच्या शांताबाईंना कोर्टाचा तसा आधार नव्हता, पण त्या पाच वर्षे आधी बसल्या होत्या. दुर्गाबाई खोटे यांनी मात्र सुरुवातीपासून एका कंपनीला बांधून घेतले नाही. ‘अयोध्येचा राजा’नंतर त्या कलकत्त्याला जाऊन काम करून आल्या आणि ‘अमरज्योती’साठी पुन्हा प्रभातमध्ये आल्या. सुशिक्षित, नामवंत घराण्यातल्या असल्यामुळे त्यांना अटी घालता आल्या, असे मला वाटते. सामान्य घरातून आलेल्या मुलीला ते स्वातंत्र्य परवडत नव्हते.

हीच पद्धत माणसाला अनपेक्षित उंचीवरही नेत असे, हेही मी विसरत नाही. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये प्रयोगशाळेत काम करणारा तरुण अशोककुमार म्हणून नायक झाला. १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये आलेला एक मुलगा नृत्यदिग्दर्शन कर, कोणाच्या हाताखाली सहायक हो, असे काहीबाही करत शिकला, तो गुरुदत्त. तिथेच १९४६ च्या ‘हम एक हैं’मधून देव आनंद पडद्यावर आला, दोघांची मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून पुढे ‘बाझी’ झाला. फाटकाच्या आत माणसे अडकत होती आणि फाटकाच्या आतच माणसे घडत होती. या दोन्ही गोष्टी एकाच करारपत्राने केल्या, हे समजून घेतल्याशिवाय आपल्याला त्या पद्धतीचे मोल कळणार नाही.

ती पद्धत मोडली कशी, हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. १९४२ मध्ये शांतारामबापू बाहेर पडले आणि परळला त्यांचे स्वतःचे राजकमल कलामंदिर सुरू झाले. १९४५ मध्ये दामलेमामा गेले. महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले आणि त्याच वेळी युद्धावर कमावलेला हिशेबाबाहेरचा पैसा या धंद्यात शिरला. ज्याच्याकडे स्टुडिओ नाही, माणसे नाहीत, असा निर्माता एका लोकप्रिय नटाला एकरकमी पैसे देऊन चित्रपट जुळवू लागला. कोणतीही कंपनी महिन्याच्या पगारात त्या रकमेशी टक्कर देऊ शकत नव्हती. नट गेले, मागोमाग दिग्दर्शक गेले, आणि स्टुडिओ भाड्याने द्यायचा फ्लोअर होऊन बसला. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालच्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ च्या अहवालात या अवस्थेचा ऊहापोह केला आणि प्रशिक्षणासाठी संस्था काढावी अशी शिफारस केली. प्रभात बंद पडली. १९६० मध्ये तिच्याच आवारात ती संस्था उभी राहिली. पगार घेऊन शिकण्याची जागा गेली आणि फी भरून शिकण्याची जागा आली. त्या संस्थेने थोर कलावंत दिले, त्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, पण सुताराचा मुलगा तिथे सुतारकाम करता करता कलादिग्दर्शक होत नाही.

स्टुडिओ मोडल्यावर जे स्वातंत्र्य आले, ते पोस्टरवर ज्यांचे नाव होते त्यांच्या वाट्याला आले. बाकीच्यांच्या वाट्याला शिफ्ट आली. आज माझ्यासारखा माणूस सकाळच्या शिफ्टला येतो, डबल शिफ्ट करतो, आणि पैसे नव्वद दिवसांनी निघतील असे ऐकतो. ते नव्वद दिवस कधी मोजायचे, काम संपल्यापासून की बिल टाकल्यापासून की भाग प्रसारित झाल्यापासून, हे कुठेही लिहिलेले नसते. काही वर्षांपूर्वी एका मालिकेवर मी पाच महिने काम केले. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे सात महिन्यांनी आले. उरलेल्या दोन महिन्यांचे विचारायला गेलो तेव्हा कार्यालयाला कुलूप होते आणि माझ्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता, कारण कागद कधी झालाच नव्हता. मुलीच्या प्रवेशाची फी त्या वर्षी मेहुण्याकडून उसनी घेतली. बांधून ठेवणाऱ्या त्या जुन्या करारात शांताबाईंना निदान कोणत्या अटींविरुद्ध बसायचे ते माहीत होते, आणि बसायला फाटक होते. मी कुठल्या फाटकाशी बसू?

चित्रपट कामगारांना लेखी कराराशिवाय कामावर ठेवू नये, असे १९८१ च्या कायद्याने सांगितले. २०२० मध्ये संसदेने केलेल्या कामगार सुरक्षा संहितेतही दृक्‌श्राव्य कामगारांसाठी लेखी कराराची तरतूद आहे. तेव्हा मी आपल्याकडे काही नवे मागतो आहे, असे नाही. मराठी चित्रपटाचे बजेट लहान असते, थिएटर मिळत नाहीत, अनुदान वेळेवर येत नाही, या आपल्या अडचणी मी जवळून पाहतो; चित्रपट पडल्यावर घर गहाण टाकलेला निर्माताही मी पाहिला आहे. म्हणून सगळ्यांना बारा महिन्यांचा पगार द्या, असे मी म्हणणार नाही. ते आता कोणालाच शक्य नाही.

मी मागतो ते एवढेच. आपल्या संघटनांनी मिळून मराठीत, साध्या भाषेत, दोन पानांचे एक नमुना करारपत्र करावे आणि ते कामाच्या पहिल्या दिवसाआधी सेटवरच्या प्रत्येक माणसाच्या हातात पडावे, स्पॉटबॉयच्यासुद्धा. त्यात पैसे कोणत्या तारखेला मिळतील ते लिहिलेले असावे आणि उशीर झाला तर काय, हेही असावे. कोणालाही आपल्याशीच बांधून ठेवणारी अट त्यात नसावी. शांताबाईंच्या उपोषणाची तेवढी जाण आपण ठेवावी. आणि प्रत्येक चित्रपटाच्या बजेटमध्ये दोन किंवा तीन शिकाऊ मुलांच्या पगाराची तरतूद असावी, प्रत्येक विभागात एक तरी, कलाविभागात नक्की. आज शिकायला येणारी मुले ‘अनुभव मिळतो’ म्हणून फुकट राबतात, म्हणजे ज्यांच्या घरी दोन वेळचे आहे तीच मुले येतात. गौरीबाईंसारखे कोणी आज आपल्या सेटवर झाडू मारत किंवा चहा देत असेल, तर तिच्याकडे पाहायला दिग्दर्शकाला सवड मिळेल की नाही मला माहीत नाही, पण ती दुसऱ्या महिन्यातही त्या सेटवर टिकून असली पाहिजे.

आमच्या सेटिंगच्या कामात सुतार मापे फ्लॅटच्या, म्हणजे सेटसाठी उभ्या केलेल्या खोट्या भिंतीच्या, मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहितात. माझ्याबरोबर बरीच वर्षे काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आपल्या शिफ्टचा हिशेबही तिथेच लिहितात, कारण खिशातली चिठ्ठी घामाने भिजते. तारीख, शिफ्ट, आणि पुढे एक उभी रेघ. पैसे मिळाले की त्या रेघेवर आडवी रेघ. सेट मोडला की फ्लॅट गोदामात जातात, वरून नवा रंग बसतो आणि दुसऱ्या घराची भिंत म्हणून ते पुन्हा उभे राहतात, पण मागची बाजू कोणी रंगवत नाही. गेल्या महिन्यात एका चित्रपटासाठी गोदामातून आणलेला फ्लॅट मी उलटा करून पाहिला. त्यांच्याच अक्षरात अकरा उभ्या रेघा होत्या, त्यांतल्या चारांवर आडवी रेघ ओढलेली होती. त्या भिंतीसमोर आम्ही दुसऱ्या दिवशी देवघर लावले आणि शूटिंग सुरू झाले.

आपल्या संघटनेच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा, करारपत्राचा मसुदा करायला आमच्यापैकीही दोघा-तिघांना बोलवावे. मी शिफ्ट सोडून येईन.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
कलादिग्दर्शन विभागातील एक सहायक